एकच वाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



सभागृहामागच्या मोकळ्या जागेत चालत नामस्मरण करण्यासाठी चक्रव्यूहाची वाट आखावी, असे मंडळाने ठरवले आणि आराखड्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्य ड्रॉइंग बोर्डापाशी गेल्यामुळे आखणीची काळजी नव्हती. अडचण वेगळीच निघाली. पाणाडी बोलवावा, त्याच्या काठीने भूमीतली शक्ती कुठे आहे ते पाहावे आणि तिथेच मध्य धरावा, असा आपल्या काही ज्येष्ठांचा आग्रह आहे. परदेशातही अशी वाट आखणारे काही जण हे करतात. त्याविषयी आज मोकळेपणाने बोलतो.

आधी एक गैरसमज दूर करू. लखनौच्या इमामबाड्यातला भूलभुलैया वेगळा. तिथे फाटे फुटतात, माणूस चुकतो. आपल्या आकृतीत वाट एकच असते. ती वळणे घेत मध्यापर्यंत नेते आणि तीच बाहेर आणते. अभिमन्यूला बाहेरची वाट ठाऊक नव्हती, इथे ती पायाखालीच असते. हळेबीडच्या सहलीत होयसळेश्वर मंदिरावर आपण चक्रव्यूहाचे शिल्प पाहिले. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर अशीच आकृती कोरलेली आहे. फ्रान्समध्ये शार्त्र्‌च्या चर्चमध्ये तेराव्या शतकातली अकरा फेऱ्यांची आकृती फरशीवर आहे. तिचा व्यास तेरा मीटरहून थोडा कमी, पण आतली वाट अडीचशे मीटरहून लांब!

आपण सात फेऱ्यांची साधी आकृती घेतली आहे. रांगोळी काढणाऱ्या भगिनींना ती लगेच जमेल. मध्ये अधिकाचे चिन्ह काढायचे. त्याच्या चारी घरांत एकेक काटकोन, कोपरा आत करून. प्रत्येक काटकोनाच्या पोटात एक ठिपका. मग अधिकाचे वरचे टोक उजवीकडच्या पहिल्या टोकाला कमानीने जोडायचे, डावीकडचे पहिले टोक उजवीकडच्या दुसऱ्याला, आणि असेच पुढे. आठ रेषा झाल्या की त्यांमध्ये सात फेऱ्या तयार होतात. दोन फुटांची वाट धरली तर तीस-बत्तीस फूट जागा पुरते.

आता काठीविषयी. आमच्या गावी वडिलांनी पाणाड्याच्या सांगण्यावरून विहीर खणली. काठी वाकताना मी स्वतः पाहिली होती. साठ फुटांवरही कोरडा काळा पाषाण लागला. कर्ज फेडायला मळ्याचा तुकडा विकावा लागला. पाणाड्याने फसवले असे वडील कधीच म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. त्याचा स्वतःचा विश्वास होता. मनात अपेक्षा असली की नकळत स्नायू हलतात आणि काठी वाकते, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच मांडले होते. जर्मनीत म्युनिकला १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ जागा बदलून ठेवला आणि वरच्या मजल्यावरून निवडक ४३ पाणाड्यांना तो शोधायला सांगितला. काहींना तो कळतो, असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. पण तीच आकडेवारी तपासून एनराइट या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिले की ते यश योगायोगापलीकडचे नव्हते.

म्हणून आपली जागा मी साध्या गोष्टी पाहून निवडली. सकाळी कडुलिंबाची सावली कुठे पडते, पावसाचे पाणी कुठे साचत नाही, आजी-आजोबांना पायरी कुठे चढावी लागत नाही, एवढेच पाहिले. गेल्या रविवारी चुन्याने आकृती आखली. सर्वांत जास्त आग्रह धरणारे आपले काकाच पहिल्यांदा चालले. मध्यावर पोचल्यावर ते बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "इथे शक्ती आहे. मी म्हणत होतो ना!" मी वाद घातला नाही.

नंतर मी चाललो. मध्य अगदी हाताशी आला असे वाटते तोच वाट बाहेरच्या फेरीकडे वळते. तिथे मला विहिरीच्या काठावर गप्प बसलेले वडील आठवले. पुढे अठरा वर्षे त्यांनी उरलेली शेती कसली. वाट लांबली, पण त्यांनी ती सोडली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते मात्र कुठल्या काठीने शोधावे लागले नाही.

जागेला पावित्र्य आपल्या चालण्याने येते, असे मला वाटते. आपल्या बाप्पाने तरी काय केले? आईवडिलांभोवती प्रदक्षिणा घातली आणि तीच पृथ्वीप्रदक्षिणा झाली. काठी आणायची की नाही, ते सभेने ठरवावे. माझे मत मी सांगितले. उद्या सकाळी आरतीपूर्वी चप्पल काढून एकदा ही वाट चालून पाहा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!