थांबू नका, फक्त सावकाश व्हा : रिकव्हरी, पाठीचं पोक आणि माझी नडगी

कुणी बसमध्ये असेल, कुणी भांडी घासत असेल, कुणी टेकडीवर चालत असेल. टेकडीवर असाल तर उत्तमच, आजचा विषय चालता चालता ऐकण्यासारखाच आहे. बसून ऐकत असाल तर एक काम करा. आत्ता या क्षणी कसे बसलाय, ते बघा. लगेच ताठ होऊ नका! नुसतं बघून ठेवा, शेवटी त्यावर बोलू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफला, म्हणजे २१.०९७ किलोमीटरला, मी नाव नोंदवलं होतं. मी बीटेक झालेला माणूस, हिंजवडीत कोड लिहितो. त्यामुळे डोक्यातलं गणित सरळ होतं : जितकं जास्त धावू, तितके फिट होऊ. आठवड्यातले सहा दिवस धावायचो, आणि रोज कालच्यापेक्षा जोरात. घड्याळातला पेस हिरवा दिसला की खूश, लाल दिसला की दिवसभर तोंड पाडून बसायचो. सातव्या दिवशी? सातव्या दिवशी सोफ्यावर आडवा. थेट संध्याकाळपर्यंत.

नोव्हेंबरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी धावून आल्यावर दुखायचं, मग धावताना, मग ऑफिसचा जिना उतरताना. मी बर्फ लावला, स्प्रे मारला, आणि धावत राहिलो. एका रात्री नुसतं झोपलेलं असताना ठणका लागला, तेव्हा मात्र घाबरलो. एमआरआय झाला. हाडावर ताण आला होता, अजून तडा गेला नव्हता, पण पुढची पायरी तीच होती. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे धावणं बंद. जानेवारी विसरा.

आता तुम्ही म्हणाल, एक रेस हुकली, त्यात काय एवढं? मेडल गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. अडचण वेगळी होती. आमच्या टीममध्ये ऑन-कॉल असतो. रात्री दोनला फोन वाजतो, सिस्टिम बंद पडलेली असते, कॉलवर पंधरा माणसं आणि सगळे विचारतायत, ‘किती वेळ लागेल?’ त्या टेन्शनवर माझ्याकडे एकच औषध होतं, सकाळचं धावणं. तेच बंद झालं. झोप उडाली. डिसेंबरातल्या एका कॉलवर माझे हात थरथरायला लागले, श्वास वरच्या वर अडकला. मी माइक म्यूट केला आणि बाथरूममध्ये जाऊन जमिनीवर बसलो. पाच मिनिटं. बाहेर येऊन ‘नेट गेलं होतं’ असं सांगितलं. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

तर त्या काळात मी एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जात होतो. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘लॅपटॉपवर कसे बसता ते दाखवा.’ मी छाती पुढे काढून बसलो, सव्वीस जानेवारीच्या परेडला बसावं तसा. त्या हसल्या. ‘असं नाही. दुपारी चार वाजता कसे बसता?’

मग मी खरा बसलो. पोक काढून, मान पुढे, खांदे कानाला टेकलेले.

मला वाटलं, आता आईसारखं ‘ताठ बस’ ऐकावं लागणार. पण त्या म्हणाल्या, ‘असं बसण्यात पाप नाही. असं सलग तीन तास बसता, ते चुकतंय.’ हे माझ्यासाठी नवीन होतं. एकच एक ‘योग्य’ पोस्चर असं काही नसतं. ताठ बसूनही तीन तास हललो नाही, तर अंग आखडतंच. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते जितकं पुढे झुकेल, तितकं मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं. दहा मिनिटं धरलं तर काही बिघडत नाही, दिवसभर धरलं तर ते बोंबलणारच.

आणि पोक काढून बसलं की आणखी एक गोष्ट होते. बरगड्या आणि पोट एकमेकांवर दाबले जातात, खालचा श्वासपटल नीट उतरत नाही, मग श्वास छातीच्या वरच्या भागात घेतला जातो. छोटा, भराभर. आता आठवा, घाबरल्यावर आपला श्वास कसा असतो? अगदी तसाच! म्हणजे मी दिवसभर घाबरलेल्या माणसासारखा श्वास घेत होतो, आणि मग रात्री कॉल आला की त्यात भर पडायची.

आता रिकव्हरीकडे येऊ. जिममध्ये सगळे सांगतात, ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय, म्हणून दुखतंय.’ हे खरं नाही. जोराच्या व्यायामात लॅक्टेट वाढतं, पण नुसतं बसून राहिलात तरी तासाभरात ते खाली येतं. शिवाय ते विष नाही, शरीर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरताना देव आठवतो, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. ते दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं.

मग हळू चालण्याने, हळू सायकल मारण्याने होतं काय? प्रामाणिकपणे सांगतो, दुखणं जादूसारखं गायब होत नाही. पण पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावले की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते याचसाठी. म्हणून रेस संपल्यावर एकदम थांबू नका. पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. पाच-दहा मिनिटं चालत राहा. दुसऱ्या दिवशी वीस-तीस मिनिटं हळू हालचाल केली की आखडलेपणा सुटतो, आणि थकव्यात नवी भर पडत नाही. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण तंदुरुस्ती धावताना वाढत नाही. धावताना फक्त मोडतोड होते. दुरुस्ती नंतर होते, आणि मी दुरुस्तीला वेळच देत नव्हतो.

मोठे खेळाडू काय करतात बघा. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने दाखवलंय की अव्वल दर्जाचे एन्ड्युरन्स खेळाडू साधारण ८० टक्के ट्रेनिंग सोप्या वेगात करतात. एलिउड किपचोगे, ज्याने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पार केलं, तोसुद्धा सोप्या दिवशी खरंच हळू पळतो. आणि मी? रोज फायनल पळत होतो.

हे सगळं मी घरी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे माझे मोठे काका, सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत कुस्ती केलेले. ते म्हणाले, ‘एमआरआय काढून हे कळलं होय रे तुला? आमचे वस्ताद खडाखडी झाली की बसू द्यायचे नाहीत. फेऱ्या मारायला लावायचे. अंगाला माती लावायची, घाम जिरवायचा, मग खुराक. आणि मेहनत जोराची झाली की दुसऱ्या दिवशी हलकी.’ मी गप्प.

तर नियम काय, तर असे. सोपा दिवस म्हणजे पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. शेजाऱ्याला पाणी कधी येणार ते सविस्तर विचारता आलं, की वेग बरोबर. आठवड्यात दोनच दिवस जोराचे, आणि तेही पाठोपाठ नाही. बाकी चालणं, सायकल, पोहणं, काहीही. पण एक लक्षात ठेवा : हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, किंवा रात्री ठणकत असेल, तर ‘ॲक्टिव्ह रिकव्हरी’ वगैरे काही नाही. डॉक्टर गाठा. मी तीन आठवडे उशीर केला, तुम्ही करू नका.

धावताना : झुकायचं ते घोट्यातून, कमरेतून नाही. नजर पायाकडे नाही, पुढे रस्त्यावर. मुठी सैल, हातात तळलेला पापड धरलाय आणि तो मोडायचा नाही, असं समजा. पावलं थोडी छोटी आणि झटपट टाका, नडगीवर आणि गुडघ्यावर भार कमी येतो.

बसताना : अर्ध्या तासाचा अलार्म. उठा, बाटली भरा, परत या. मी मुद्दाम छोटी बाटली घेतलीय.

आणि श्वास : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित हळू होतात, तो भाग लांबवायचा, एवढंच. कॉल सुरू असताना कॅमेरा बंद करून हे करता येतं. कुणाला कळत नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव नोंदवलं. सी लिंकवर अजून अंधार होता, समुद्राचा वास येत होता. पेडर रोडच्या चढावर सगळे ढकलत होते, माझ्यातला जुना माणूसही म्हणाला, मार! मी खांदे खाली सोडले, पापड आठवला, आणि श्वास मोजत चढलो. वेळ काही फार भारी आली नाही. पण संपल्यावर मी बसलो नाही, वीस मिनिटं चालत होतो. दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. टायमिंग विचारलंच नाही. म्हणाले, ‘आज चाललास का?’

चाललो होतो.

रात्रीचे फोन अजूनही येतात. मागच्याच महिन्यात आला. छातीत तीच धडधड झाली, पण या वेळी मी बाथरूममध्ये गेलो नाही. उभा राहिलो, खोलीत फेऱ्या मारत बोललो, मधेच दोन-चार लांब श्वास सोडले. प्रॉब्लेम सुटायला दोन तास लागले. झोप मात्र लागली.

आता सुरुवातीला सांगितलं होतं ते. कसे बसलाय, बघा. तेव्हापासून तसेच बसलाय का? असाल तर ताठ होऊ नका, उठाच. हा एपिसोड संपतोय, पुढचा लावायच्या आधी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारा. कुणी विचारलं तर सांगा, रिकव्हरी चालू आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.