हौस कोणाची, धंदा कोणाचा?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. चारचौघींत बोलायची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

थोरल्या मुलाने मला जिम थॉर्पची हकिकत वाचून दाखवली. हा अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा मुलगा. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पाच खेळांची आणि दहा खेळांची, अशा दोन्ही स्पर्धांत त्याने सुवर्णपदके मिळवली. मागाहून कळले की, १९०९ व १९१० साली तो थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. खेळ बेसबॉलचा, पदके धावण्या-फेकण्याची! तरी तो धंदेवाईक ठरला आणि १९१३ साली पदके गेली. हरकत तीस दिवसांत घ्यायची, हा नियम मात्र कोणी पाहिला नाही. १९५३ साली तो वारला. तशी पदके पुन्हा करून त्याच्या मुलांच्या हाती दिली, ती १९८३ साली.

ऐकताना मला आपली गेल्या वर्षीची रांगोळी स्पर्धा आठवली. लग्नघरी रांगोळीचे पैसे घेते, म्हणून एका भगिनीला आपण बसू दिले नाही. त्या ठरावाला मीही हात वर केला होता. माझ्या घरी भागत होते, म्हणून माझी ती हौस; तिच्या घरी भागत नव्हते, म्हणून तिचा तो धंदा!

तो हात मी आज खाली घेते. यंदा तिचे नाव यादीत घालावे. सत्तर वर्षे थांबू नये, एवढीच विनंती.