स्त्रियांची कर्करोग-तपासणी : बाजार आणि हक्क

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



ऊसदर, पीकविमा आणि सिंचन यांच्या जोडीला स्त्रियांच्या कर्करोग-तपासणीला एक स्वतंत्र सत्र कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण असे की हा विषय आता आपल्या दारापर्यंत आला आहे. शहरातील फलकांवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि हातातल्या मोबाइलवर ‘महिलांसाठी संपूर्ण आरोग्य तपासणी’ अमुक रुपयांत, सवलतीने, अशा जाहिराती दिसतात. रक्ताच्या एका नमुन्यात साखर, थायरॉइड, रक्तातील चरबी आणि त्यांच्याच ओळीत ‘कॅन्सर मार्कर’! आठ मार्च जवळ आला की हीच तपासणी मोफत शिबिराच्या रूपाने येते, आणि शिबिराला सभागृह, मंडप व मुख्य म्हणजे बायका जमवून देण्याची विनंती आपल्यासारख्या संघटनांना केली जाते. अशा वेळी होकार द्यावा की नकार, हे ठरविण्यासाठी प्रश्नाचा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘तपासणी’ या एकाच शब्दाखाली आपण दोन भिन्न क्रिया घालतो. एखाद्या बाईच्या स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तिची जी तपासणी होते ती रोगनिदानासाठी असते. ती तात्काळ झालीच पाहिजे; तेथे वाद नाही. ज्या स्त्रीला कोणताही त्रास नाही तिला बोलावून तिच्यात दडलेला रोग शोधणे ही दुसरी क्रिया, आणि तिच्यासाठी फार कठोर कसोट्या लावाव्या लागतात. तपासणीने रोग लवकर सापडतो एवढे सिद्ध होणे पुरेसे नाही. त्यामुळे मृत्यू कमी होतात हे सिद्ध व्हावे लागते. शिवाय सापडलेल्या रोगावर उपचार हाताशी हवेत, आणि निष्कारण घाबरविल्या गेलेल्या स्त्रियांची संख्या मर्यादित हवी. नाही तर निरोगी माणसाला रोगी करून ठेवण्याचा तो एक उद्योग होतो.

आता या कसोटीवर रक्तातील मार्कर लावून पाहू. जाहिरातींत सर्वांत अधिक झळकणारा मार्कर म्हणजे सीए-१२५. अंडाशयाच्या कर्करोगात हे द्रव्य रक्तात वाढते, हे खरे. परंतु ते मासिक पाळीत वाढते, गरोदरपणात वाढते, गर्भाशयातील गाठींमुळे वाढते, यकृताच्या विकारात वाढते आणि ओटीपोटाच्या क्षयरोगातही वाढते. क्षयरोग ज्या देशातून अद्याप हटलेला नाही, तेथे या शेवटच्या कारणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

थोडे अंकगणित करू. समजा दहा हजार निरोगी दिसणाऱ्या प्रौढ स्त्रियांची ही चाचणी केली आणि त्यांच्यापैकी चौघींना हा दुर्मीळ रोग खरोखर आहे. चाचणी चांगली आहे असे मानू. चारांपैकी तीन रुग्ण ती पकडते आणि निरोगी स्त्रियांपैकी शंभरांत एकीलाच चुकून दोषी ठरविते. तरीही सुमारे शंभर निरोगी स्त्रियांच्या कागदावर लाल खूण येईल आणि खऱ्या रुग्ण असतील तिघी. म्हणजे तीन जणींसाठी शंभर घरांत रात्रभर झोप नाही. चौथीच्या हाती तर ‘सर्व ठीक’ असा कागद पडेल आणि ती निर्धास्त राहील. चाचणी शंभरांत नव्व्याण्णव वेळा निरोगी माणसाला निरोगी म्हणत असूनही हा परिणाम होतो, कारण रोगच विरळ आहे. जाहिरातीत हे गणित कधीही छापले जात नाही.

हे केवळ फळ्यावरचे गणित आहे असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये २००१ पासून २,०२,६३८ स्त्रियांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. त्याचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला : दरवर्षी सीए-१२५ तपासून आवश्यक तेथे सोनोग्राफी केल्याने रोग काहीसा लवकर सापडला, परंतु अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली आला, तोही तसाच. तेथे ज्यांना कर्करोग नव्हता अशा ३,२८५ स्त्रियांना संशयित ठरविले गेले, त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. कर्करोगाच्या रुग्णावरील उपचार लागू पडत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी डॉक्टर हेच मार्कर वापरतात आणि तेथे ते उपयुक्त आहेत. ज्या घराण्यात हा रोग वारंवार आढळतो तेथील स्त्रियांनी तज्ज्ञांचा सल्ला घेणे हेही योग्य आहे. आक्षेप आहे तो धडधाकट बाईला हा माल विकण्यावर.

मग हा माल खपतो कसा? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवा हा इतर मालासारखा माल नव्हे, कारण येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. लुगडे घेताना बाई पदर हाताने चाचपून पाहते. चाचणी घेताना तिला चाचपायला काहीच नसते. गरज आहे की नाही हे विक्रेताच सांगतो, आणि ती भागली की नाही हेही तोच सांगतो. त्यातच ज्याला आपण ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतो ती दलाली मिसळली की चाचणीची संख्या गरजेप्रमाणे न ठरता टक्केवारीप्रमाणे ठरू लागते. तिला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य सरकारने २०१७ साली तयार करविला होता. तो मसुदाच राहिला. मोफत शिबिराचे अर्थशास्त्रही याहून निराळे नाही. पहिली चाचणी फुकट असते, कारण कमाई दुसऱ्या, तिसऱ्या चाचणीत आणि त्यापुढील शस्त्रक्रियेत असते.

भीतीचा शेवट कोठे होतो हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांच्या ‘पिशव्या’ काढल्या जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांना ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालण्यात आली होती. परंतु सगळा दोष डॉक्टरांच्या लोभावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची आगाऊ उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा. या व्यवस्थेत पाळी हाच एक खर्च ठरतो, आणि पिशवी काढणे ही त्या बाईला काटकसर वाटू लागते. गंगाखेड, पालम, जिंतूर येथूनही दरसाल कोयते बाहेर पडतात. तेव्हा बीडची आकडेवारी ही परक्यांची कथा नव्हे.

येथवरचे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की निरोगी स्त्रियांची तपासणीच नको. तो निष्कर्ष साफ चुकीचा ठरेल, आणि तो चुकीचा आहे याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच निर्माण झाला आहे.

आज धाराशिव म्हणविल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा एक अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटातील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात एकदाच चाचणी करण्यात आली व दोष आढळल्यास उपचार करण्यात आले. दुसऱ्या दोन गटांत तपासणीच्या अन्य पद्धती वापरल्या गेल्या. चौथ्या गटाला नेहमीच्या सेवेवर सोडण्यात आले. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा आधार घेतला गेला.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास केला. तेथे तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या व थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी केली. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखे द्रव, लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहायचे एवढीच पद्धत. दोन दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा तपासणी केल्यावर या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच स्त्रियांनी केलेल्या स्तनांच्या हस्त-तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ साली दिसून आले.

साथींनो, यातील विसंगती नीट ध्यानी घ्या. जागतिक आरोग्य संघटना आज सर्व देशांना सांगते की ७० टक्के स्त्रियांची एचपीव्हीसारखी भरवशाची चाचणी वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा एकदा, असे उद्दिष्ट २०३० पर्यंत गाठले पाहिजे. या सल्ल्यामागील पुराव्यात आपल्या मराठवाड्यातील खेडुत स्त्रियांचा वाटा आहे, आणि ज्यांना तपासणी मिळाली नाही त्या गटातील ६४ मृत्यूंचाही आहे. परंतु २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के होत्या. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण ०.९ टक्के. येथून पुरावा जगाला गेला. बदल्यात आमच्या गल्लीत आले ते मार्करचे पॅकेज. ज्या तपासणीने जीव वाचतो तिला गिऱ्हाईक-मूल्य नाही आणि जिने वाचत नाही ती सवलतीत मिळते. बाजार नफ्याच्या दिशेने जातो, एवढेच याचे स्पष्टीकरण आहे.

‘सरकार करीत नाही म्हणून खाजगी माणूस करतो, त्याला कशाला अडवायचे?’ असा युक्तिवाद केला जाईल. त्याचे उत्तर असे की कागदावर सरकारही करते. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करण्याची केंद्र सरकारची कार्यपद्धती २०१६ सालापासून अस्तित्वात आहे. उपकेंद्रे आहेत, आशा आहेत, परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. उणीव आहे ती साखळीची : प्रशिक्षित परिचारिका, आडोसा व उजेड असलेली खोली, दोष आढळल्यास तुकडा काढून तपासण्याची सोय, आणि उपचारापर्यंत सोबत. मराठवाड्याचे शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. सोनपेठ किंवा पालमच्या मजूर बाईला तेथे जावयाचे म्हणजे प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचीही बुडालेली मजुरी. महात्मा फुले जनआरोग्य योजना उपचाराचे बिल भरील. हा खर्च कोणी भरीत नाही. खाजगी पॅकेज या साखळीतील एकही तुटलेली कडी जोडीत नाही. ते आपल्या अहवालाचा कागद हाती देऊन मोकळे होते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. जिल्ह्यातील प्रत्येक उपकेंद्रात तपासणीचा ठरलेला वार हवा. एकदाच डोळ्यांनी पाहण्याऐवजी एचपीव्ही चाचणी सरकारी खर्चाने हवी. उस्मानाबादचा धडा तोच आहे. ऊसतोडीला गेलेल्या बायका ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गावात नसतात. तेव्हा त्यांच्या गावची तपासणी मे ते सप्टेंबरमध्येच व्हावी. पुढील उपचाराला जाणाऱ्या स्त्रीला प्रवासखर्च व बुडीत मजुरी मिळावी. आणि दर तालुक्यात किती स्त्रिया तपासल्या, किती जणींत दोष आढळला व त्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हे तीन आकडे जिल्हा परिषदेने दरवर्षी जाहीर करावेत. पहिल्या आकड्यावर सत्कार होतात. तिसऱ्यावरून खरे काम कळते.

आणि शिबिराचा प्रस्ताव घेऊन कोणी आले तर त्यांना चार प्रश्न विचारावेत. ही चाचणी निरोगी स्त्रियांत मृत्यू कमी करते याचा पुरावा कोणता? दोष आढळल्यास पुढील तपासणी व उपचार कोठे आणि कोणाच्या खर्चाने? तेथे पाठविण्याबद्दल आपणास काही मिळते काय? आणि या स्त्रियांची नावे, दूरध्वनी क्रमांक व अहवाल कोणाच्या ताब्यात राहणार? समाधानकारक उत्तरे मिळाली तर मंडप आपण घालू. नाही मिळाली तर आपल्या शब्दावर विश्वास ठेवून येणाऱ्या बायकांना गिऱ्हाईक म्हणून उभे करण्याचा अधिकार आपणास नाही.

शेवटी, पैशावाचून होणारे एक काम सांगतो. बार्शीच्या रुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. तिचे कर्मचारी बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावांत फिरत, नोंदी घेत आणि जाता जाता रोगाची लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. घरोघर जाऊन खरी माहिती सांगणे, एवढेच त्यासाठी पुरले. पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव, संबंधानंतर रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनातील न दुखणारी गाठ : यांपैकी काहीही असेल तर थांबू नका, आणि काहीच नसेल तर रक्ताच्या कागदाला घाबरून पिशवी काढू नका. एवढी दोन वाक्ये या जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक तांड्यावर पोहोचविणे आपल्या आवाक्यातले आहे. ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी आपण हे काम हाती घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.