राजौरीची वाट



शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते. कल्याणात, दुर्गाडीच्या सावलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांचे तसे व्हायचेच. परंतु ज्या वीराविषयी आज आम्ही बोलणार आहोत, त्याचे काम शत्रूवर तुटून पडण्याचे नव्हते. तुटून पडणाऱ्यांना वाट करून देण्याचे होते.

रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० साली ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. त्या सुमारास आपल्या कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकी सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी भरत होत्या. तिकडे राजौरी टोळीवाल्यांच्या हाती होती. तिथल्या माणसांना वाचवायचे तर रणगाडे नेले पाहिजेत. आणि नौशेऱ्याहून जाणाऱ्या वाटेवर पावलोपावली सुरुंग, आडवे पाडलेले चिडाचे वृक्ष, उडवलेले पूल!

८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. जखम बांधून घेऊन ते पुन्हा कामाला लागले. पुढे सुरुंगांच्या पट्ट्यात त्यांनी काय केले? ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या गतीने सरपटत चालले. वर बसलेल्या चालकाला थांब, चल हे सांगायला हातात एक दोर! आम्हांला विचाराल तर दोन्ही माणसे सारखीच मोठी: खालचा राणे, आणि खाली माणूस असताना रणगाडा हाकणारा तो चालक. त्याचे नाव आपल्यापैकी कितीजण सांगतील?

आवेशात उडी घेणे एका क्षणाचे काम असते. इथे शेवटच्या दिवशीही, ११ एप्रिलला, पहाटेपासून रात्रीपर्यंत झाडे हटवणे आणि वळणवाटा काढणे चालूच होते. त्याच दिवशी रणगाडे चिंगसला, जुन्या मोगल सराईपाशी पोहोचले, आणि १२ एप्रिलला राजौरीत.

१९५० साली राण्यांना परमवीरचक्र जाहीर झाले. ते स्वहस्ते स्वीकारण्याचे भाग्य लाभलेल्या थोड्यांपैकी ते एक. मेजर होऊन ते निवृत्त झाले आणि १९९४ साली निवर्तले. जम्मूहून पूंछला जाणारी मोटार आजही नौशेरा, चिंगस, राजौरी अशीच जाते.