मेंदूच्या कणांतून रोगाची ओळख



उतारवयांत स्मृति क्षीण होते, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु पन्नाशीच्या सुमाराचा एखादा कर्ता पुरुष विसराळू होऊं लागला, त्याची नजर वरखालीं फिरेनाशी झाली आणि डोळे व जबडा एकाच ठेक्यांत आपोआप हलूं लागले, तर केवळ बुद्धिभ्रंश म्हणून स्वस्थ बसणें घातक ठरतें. या लक्षणांच्या मुळाशीं क्वचित् एक सूक्ष्म जंतु असतो, आणि त्यावर औषध आहे. या विकारास व्हिपलचा रोग म्हणतात.

१९०७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉर्ज व्हिपल यांनीं ३६ वर्षांच्या एका मिशनरी डॉक्टरच्या शवाचें परीक्षण केलें. आंतड्यांत चरबीचा संचय आढळल्यामुळें त्यांनीं हा पचनाचा बिघाड मानला. चांदीच्या क्षारानें रंगविलेल्या पेशीजालांत त्यांना काडीसारखे जंतु दिसले होते. पण तेच रोगाचें कारण, असें सिद्ध झालें नाहीं.

पुढें १९४९ सालीं 'पी. ए. एस.' नांवाची रंगक्रिया उपयोगांत आली. तिनें रोग्याच्या भक्षक पेशी गडद किरमिजी दिसतात, कारण त्यांच्या पोटांत गिळलेल्या जंतूंच्या कवचांतील शर्करायुक्त द्रव्यें सांठलेलीं असतात. १९६१ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें जंतुच दाखविले, आणि २००० सालीं फ्रान्समधील मार्सेय येथें ते मानवी पेशींवर वाढविण्यांत यश आलें.

निदानासाठीं प्रथम लहान आंतड्याचा तुकडा व पाठीच्या कण्यांतील पाणी तपासतात. तेथें कांहीं न सांपडलें आणि रोग मेंदूंतच असल्याचा संशय राहिला, तर शल्यवैद्य कवटीस बारीक छिद्र पाडून सुईनें मेंदूचा कणभर अंश काढतो. यांत रक्तस्रावाचें भय असतें, आणि सुई रोगट जागेस चुकण्याचाहि संभव असतो. म्हणून हा कण फार मोलाचा. त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्यें ठेवून रंगवितात, दुसरा ताजाच राखून पी. सी. आर. पद्धतीनें जंतूचें आनुवंशिक द्रव्य शोधतात. दोहोंची गरज असते, कारण क्षयजंतूच्या कांहीं भाऊबंदांमुळेंहि भक्षक पेशी तशाच किरमिजी दिसतात. मात्र ते जंतु आम्लरोधी रंग धरून ठेवतात, व्हिपलचा जंतु धरीत नाहीं.

निदान ठरल्यावर बहुधा दोन आठवडे सेफ्ट्रायाक्सोन शिरेवाटें व नंतर वर्षभर को-ट्रायमोक्झाझोल देतात. उपचाराविना हा रोग प्राण घेतो. आणि उशीर झाल्यास जंतु मरूनहि मेंदूची झालेली हानि पुरती भरून येत नाहीं. मेंदूस सुई लावण्याच्या नांवानेंच घरचीं माणसें कचरतात, आणि तें साहजिकच आहे. तथापि सोप्या तपासण्या संपल्या असतां त्या सुईचा धोका एका पारड्यांत आणि वाया जाणारे महिने दुसऱ्या पारड्यांत घालून, वैद्याच्या सल्ल्यानें वेळींच निर्णय घ्यावा, हेंच रोग्याच्या हिताचें होय.