स्वमत पाठ करायचं नसतं



सकाळपासून मुलुंडच्या या व्यासपीठावर मराठीच्या भवितव्यावर बोलणं चाललं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळालेल्या अभिजात दर्जाचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक वक्त्याने केला आणि टाळ्याही घेतल्या. मी दहावीच्या वह्यांबद्दल बोलणार आहे.

आमच्या इमारतीतल्या तीन मुलांच्या मराठीच्या वह्या मी परवा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. शाळा तीन, क्लास एकच. कवितेचं रसग्रहण तिघांचं शब्दशः सारखं. तेही एक वेळ सोडून देऊ. पण कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. बाळा, तुला काय वाटतं ते लिही, असं त्यात विचारलेलं असतं. त्याचंही उत्तर तिन्ही वह्यांत स्वल्पविरामासकट एकच! पंधरा वर्षांच्या मुलाचं मतसुद्धा फळ्यावरून उतरवून घेतलं जातं आणि त्यासाठी आपण फी भरतो. क्लास नसेल तर गाइड आहे, गाइड नसेल तर मोबाइल आहे. याला मी मदत म्हणणार नाही. मुलाची विचार करायची पाळी कोणीतरी हिसकावून घेतं आणि आपण ते खपवून घेतो.

मार्क मिळतात ना, असं कोणी म्हणेल. मिळतात. पण पुढे पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता समोर आली की तोच मुलगा पान उलटतो, कारण कवितेशी त्याची गाठ कधी पडलेलीच नसते.

आता व्याकरण. ते अवघड आहे, ही तक्रार मला मान्य नाही. अवघड केलंय ते आपण. आधी कर्मणी प्रयोगाची व्याख्या घोकून घेतो, वाक्य मागून येतं. ‘मुलाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. आंब्याच्या जागी चिंच ठेवा, मूल आपोआप ‘खाल्ली’ म्हणेल. केळं ठेवा, ‘खाल्लं’ म्हणेल. आता मुलाच्या जागी मुलगी आणा. ‘मुलीने आंबा खाल्ला’. क्रियापद जागचं हललं नाही. मग विचारा, क्रियापद कोणाचं ऐकतं? पोरं एका सुरात ओरडतात, आंब्याचं! झाला कर्मणी प्रयोग. मो. के. दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. एवढा मोठा ग्रंथ उभा आहे तो अशाच वाक्यांच्या तपासणीवर.

घाटकोपरच्या गुजराती मुलीला तर हे पटकन उमगतं, कारण तिच्या घरी ‘केरी खाधी’ आणि ‘रोटलो खाधो’ म्हणतात. अंधेरीच्या हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘आम खाया’ आणि ‘रोटी खाई’ ठाऊक असतं. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. ही मुलं वर्गात आली, पण घरी त्यांना विचारायला कोणी नाही. त्यांच्या मराठीला हसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी पाट मांडून बसणारे किती?

आणि मराठी आईवडिलांनो, मुलाला इंग्रजी माध्यमात घातलंत, तो तुमचा निर्णय. पण ‘आमच्याला मराठी जमतच नाही हो’ हे चारचौघांत कौतुकाने सांगता, ते आजपासून बंद करा.

माझी मागणी या व्यासपीठापाशीच आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आपल्या मंडळांची सभागृहं आणि ग्रंथालयांच्या खोल्या आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, वाचणाऱ्या गृहिणी आहेत. संध्याकाळी सहा ते आठ या जागा मुलांच्या गृहपाठासाठी उघडा. धडा मुलाने मोठ्याने वाचावा. पहिलं वाक्य त्यानेच लिहावं, मग ते मोडकंतोडकं का असेना. मोठ्यांनी उत्तर सांगू नये, पुढचा प्रश्न विचारावा. चुकीवर लाल रेघ मारण्याआधी ते वाक्य त्यालाच पुन्हा म्हणायला लावा. बऱ्याचदा त्याचा कानच चूक पकडतो.

संमेलनांतले ठराव पुष्कळ झाले. मी एकच मांडतो. येत्या सोमवारपासून हे सभागृह गृहपाठासाठी उघडं राहावं. ज्यांना हा ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करू नयेत. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव लिहावं आणि नावापुढे आपण येणार तो वार.