तारेवरचा सूचनाफलक

रायपूर ही 2000 साली स्थापन झालेल्या छत्तीसगड राज्याची राजधानी. तेथील वृत्तपत्रे प्रामुख्याने हिंदी आहेत. दूर दक्षिणेस, बस्तरच्या गावांत, गोंडी बोलली जाते. या भाषेला सर्वमान्य लिपी नाही. त्यामुळे तेथील माणसाचे गाऱ्हाणे राजधानीच्या छापील पानापर्यंत क्वचितच पोचत असे. या अडचणीवर 2010 साली जो उपाय योजण्यात आला, त्याचे मर्म कळण्यासाठी संगणकाच्या एका जुन्या उपयोगाकडे वळले पाहिजे.

शिकागोत जानेवारी 1978 मध्ये मोठे हिमवादळ झाले. लोक घरांत अडकून पडले असता वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी स्यूस यांनी आपल्या संगणक-मंडळासाठी दूरध्वनीवरील सूचनाफलक उभारण्यास घेतला. 16 फेब्रुवारीस तो सुरू झाला. सभासदाने दूरध्वनी जोडावा, आधीचे निरोप वाचावेत, आपला निरोप लिहावा आणि तार दुसऱ्यासाठी मोकळी करावी, अशी त्याची रीत होती.

संगणक व मोडेम यांना सांधणाऱ्या सिरियल तारेतून बिट एकामागून एक जातात. आठ बिटांच्या अक्षराला आरंभाचा व अखेरचा असे आणखी दोन बिट लागतात. सेकंदाला 300 बिट या वेगाने 30 अक्षरे जातात. 24 ओळींचा, प्रत्येक ओळीत 80 अक्षरांचा पडदा भरण्यास 64 सेकंद लागतात. जुना संगणक शेजारच्याच फलकाला मोडेमवाचून जोडायचा झाल्यास एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या स्वीकारण्याच्या टोकास लावावी लागते. शिवाय वेग व बिटांची संख्या दोन्हीकडे सारखी हवी.

हा करार भारतीय लिप्यांना महत्त्वाचा ठरतो. 1991 च्या इस्की मानकात रोमन अक्षरे पहिल्या 128 स्थानांत, तर भारतीय लिपी पुढील 128 स्थानांत आहे. सात बिटांच्या तारेवरून रोमन मजकूर सुखरूप पोचतो. देवनागरीचा मात्र आठवा बिट गळतो आणि पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात.

ज्या भाषेला सर्वमान्य लिपीच नाही, तिच्यासाठी तर निराळी वाट शोधणे प्राप्त होते. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने ती शोधली. साध्या मोबाइलवरून माणूस आपल्या बोलीत निरोप सांगे. संपादक तो तपासून प्रसिद्ध करीत आणि इतरांना तो दूरध्वनीवरच ऐकता येई. फलकाची रीत जुनीच राहिली, केवळ अक्षराच्या जागी आवाज आला. तारेच्या दोन्ही टोकांनी एकच भाषा मान्य केली, तेव्हा रेशन, मजुरी आणि हातपंप यांची गाऱ्हाणी त्या फलकावर लागली.